‘लुप्त’ या शब्दावरून राहिलेलं भांडण

सर, तुमची शोकसभा चांगली झाली. म्हणजे लांबली. सभागृहाच्या दारात फ्लेक्स होता. मधोमध तुम्ही आणि भोवती श्रद्धांजली वाहणारे. वाहणारे हसरे होते आणि त्यातल्या एकाचा फोटो तुमच्याहून मोठा होता. तुमच्या अंगात काळा कोट दिसत होता. सरांनी कोट कधी घातला होता, असं मी काकूंना हळूच विचारलं. त्या म्हणाल्या, "फोटोवाल्यानं चढवला बाई. आमच्या लग्नातबी नव्हता."

भाषणं झाली. एकाने तुम्हाला चालतंबोलतं विद्यापीठ म्हटलं. तुमचं विद्यापीठाबद्दलचं मत त्याला माहीत नसावं. दुसऱ्याने दीपस्तंभ म्हटलं. साकोलीपासून समुद्र किती लांब आहे, याचा विचार त्याने केला नव्हता. शेवटी विभागप्रमुख उठले. ते मनापासून बोलले, हे मान्य करायला हवं. तुमचं पुस्तक त्यांनी हातात धरलं होतं आणि ते म्हणाले, "आपल्या भागात धान लावताना बायका म्हणत ती रोवण्याची गाणी लुप्त झाली आहेत, हा सरांचा निष्कर्ष आजही अबाधित आहे." शोकसभेत टाळ्या वाजवायच्या नसतात म्हणून वाजल्या नाहीत, एवढंच.

मी मागच्या रांगेत बसले होते. माझ्या पिशवीत प्रबंधाचं चौथं प्रकरण होतं, आणि तोच निष्कर्ष चुकीचा आहे असं त्यात एका तळटीपेत लिहिलेलं होतं. किती स्पष्ट लिहायचं, यावर आपलं भांडण चालू होतं. ते मिटायच्या आत तुम्ही निघून गेलात. वादातून असं उठून जाणं तुम्हाला शोभलं नाही.

चहाच्या वेळी विभागप्रमुख माझ्याजवळ आले. तुमच्यामागे मार्गदर्शक म्हणून आता त्यांचं नाव लागणार आहे. प्रबंध जमा करायचा तर सही त्यांची. ते म्हणाले, "मॅडम, चौथ्या प्रकरणातलं ते काढून टाका. सरांनीच मला फोनवर सांगितलं होतं, मोठ्या आनंदात होते. पण तेव्हा ते होते. आता माणूस गेल्यावर असं लिहिणं बरं दिसत नाही. हीच खरी श्रद्धांजली समजा."

मी कप तोंडाला लावला. चहा फार गोड होता.

*

तुमच्याकडे मी आले तेव्हा माझ्या वयाच्या बायका गुडघ्यांच्या डॉक्टरकडे जात होत्या. लाखनीच्या कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवता शिकवता मला पीएच.डी.ची हुक्की आली. तुम्ही निवृत्त झाला होतात, पण मार्गदर्शकाची मान्यता शिल्लक होती. साकोलीत हायवेला लागून असलेल्या तुमच्या घरात समोरून ट्रक गेला की तुम्ही वाक्य मध्येच थांबवायचात आणि ट्रक गेल्यावर बरोबर त्याच शब्दापासून पुढे सुरू करायचात. पुढे मलाही ती सवय लागली. वर्गात ट्रक नसतानाही मी थांबते.

मी विषय टाइप करून आणला होता. ‘भंडारा जिल्ह्यातील धानशेतीशी निगडित स्त्रीगीते : एक चिकित्सक अभ्यास’. तुम्ही कागद लांब धरून वाचलात.

"हे शेवटलं कायले?"

"सगळे लिहितात सर."

"चिकित्सा केली तर दिसनच ना वो. नाही केली तं असं लिहून होते का?" मग बोट मागे नेलंत. "आन भंडारा जिल्हा कोणता? गोंदिया तुटायच्या आधीचा का नंतरचा?"

"आताचा."

"म्हणजे तिकडची पोरगी लग्न होऊन इकडे आली तं तिचं गाणं तिकडेच ठेवून आली पाहिजे."

पुढे विद्यापीठाच्या समितीत मला खरोखर विचारण्यात आलं की यातली काही गाणी गोंदिया जिल्ह्यातली वाटतात, हे कसं. मी तुमचंच उत्तर दिलं. कोणी हसलं नाही. एकांनी ते लिहून घेतलं.

संशोधन पद्धतीचा अभ्यासक्रम मी नागपूरला जाऊन रीतसर पूर्ण केला. तिथे भिंतीवर चित्रं दाखवून गृहीतक म्हणजे काय ते सांगितलं. गृहीतकाचे प्रकार सांगितले. नमुना निवडीचे प्रकार सांगितले. दुपारी जेवण चांगलं होतं. पण काम कसं करायचं ते मी तुमच्या ओसरीवर शिकले, लग्नपत्रिकांच्या पाठीवर.

तुम्ही टिपणांसाठी कार्ड विकत घेत नव्हता. जुन्या लग्नपत्रिका आणायच्या, कात्रीने एका मापाच्या कापायच्या, कोऱ्या बाजूवर लिहायचं. एका बाजूला ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’, दुसऱ्या बाजूला लेखक, पान, मजकूर. एका कार्डावर एकच गोष्ट, हा नियम. मी पहिल्याच आठवड्यात एका कार्डावर तीन गोष्टी कोंबल्या, तर तुम्ही विचारलंत, "या नवऱ्याच्या पत्रिकेवर तीन नवऱ्या काहून बसवल्या?"

मुलाखतीच्या टिपणात गाण्याच्या आधी माणसं लिहायची, हे तुमचं दुसरं शिक्षण. कोणाचं घर, कोण बसलं होतं, कोण जवळ, कोण लांब, कोण मध्येच उठून गेलं. ध्वनिमुद्रण उतरवताना जे ऐकू येतं ते सगळं उतरवायचं. खोकला, कोंबडा, गप्प बसणं, हसणं. मी एका ठिकाणी ‘एक वृद्ध महिला’ असं लिहिलं, तर तुम्ही त्याभोवती गोल केलात. "हिले नाव नाही का? तुझ्या पुस्तकवाल्या प्राध्यापकाईले तं बरे पूर्ण नावं लावले."

त्या दिवशी मला राग आला होता. बाहेर पडून बसस्टँडवर उभी राहिले तरी गेला नव्हता. लाखनी यायच्या आत गेला, कारण तिचं नाव मला आठवेना. मी विचारलंच नव्हतं.

*

तुमच्या पुस्तकातलं ते वाक्य मला एम.ए.पासून पाठ होतं. सगळ्यांनाच पाठ आहे. ‘रोवण्याची गाणी आता लुप्त झाली असून वृद्ध स्त्रियांच्या स्मरणातही ती उरलेली नाहीत.’ त्या वाक्याचा आधार होता मोहाडी तालुक्यातलं करडी. तुम्ही तरुणपणी टेपरेकॉर्डर घेऊन तिथे गेला होतात. तेव्हा मीही करडीलाच जायचं ठरवलं. गेले जानेवारीत. सुट्टी जानेवारीतच मिळत होती.

ओळखीच्या एका शिक्षकांनी एका मोठ्या शेतकऱ्याच्या अंगणात बायका जमवून दिल्या. मला प्लास्टिकची खुर्ची, बायका खाली सतरंजीवर. घरची म्हातारी बाजेवर, घरचा कर्ता दारात, शिक्षक माझ्या बाजूला. पोहे झाले. बायकांनी बचत गटात म्हणतात ते भजन म्हटलं, मग एक स्वागतगीत. मी विचारलं, रोवण्याची गाणी? त्यांनी एकमेकींकडे पाहिलं आणि हसल्या. एक म्हणाली, "आता नाही म्हनत जी कोनी."

मी आनंदाने परत आले. आपला निष्कर्ष मार्गदर्शकाच्या निष्कर्षाशी जुळणं, यापेक्षा मोठं सुख संशोधक विद्यार्थ्याला नसतं. तुम्हीही खूश झालात. काकूंना दुसरा चहा सांगितलात. मग चष्मा लावून माझं उतरवलेलं वाचायला घेतलंत आणि एका जागी अडलात.

"इथं हशा लिहिलं."

"ऐकू येतं ते सगळं लिही, असं तुम्हीच सांगितलं."

"हासल्या काहून?"

"माहीत नाही."

बाहेर एक ट्रक आला आणि गेला. तुम्ही नंतरही थोडा वेळ बोलला नाहीत. मग म्हणालात, "मंग जाऊन विचार. पण आता नको जाऊ. रोवण्यात जाजो. आन खुर्चीवर बसू नको."

सर, तुम्हाला तेव्हाच कळलं होतं का? हा प्रश्न मी तुम्हाला विचारला नाही. पुढे वेळ येईल असं वाटत होतं.

*

रोवण्यात मी गेले. साडी खोचून बांधीत उतरले. बांधी म्हणजे पाण्याने भरलेला, चिखल केलेला धानाचा वाफा, हे मी माझ्या पहिल्या प्रकरणात लिहिलं आहे. त्यात पाय पोटरीपर्यंत जातो आणि परत येत नाही, हे लिहिलेलं नाही. बायका ओळीने वाकून मागे मागे सरकत पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, लावत होत्या. मी त्यांच्या ओळीत शेवटी. माझी ओळ नागमोडी गेली. दोन रोपं लावली की एक तरंगत वर यायचं.

शेजारी शेवंताबाई होती. जानेवारीत सतरंजीच्या अगदी कडेला बसलेली, पदर तोंडाला लावून हसणारी बाई हीच. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं.

"बाई, तुमी लावून राह्यल्या का उपटून राह्यल्या?"

"लावते आहे."

"मंग धानाले बी सांगा ना तसं."

कमरेवर हात ठेवून मी उभी राहिले, तेव्हा ओळीच्या त्या टोकाकडून कोणीतरी सूर लावला. बाकीच्यांनी उचलला. वाकलेल्या वाकलेल्या, हात न थांबवता.

"मॅडम आली बांधीत वो, मॅडम आली बांधीत,
एक रोवते, दोन उपटते, पाय फसला चिखलात."

मग बांधीच्या मालकावर झालं, जानेवारीत दारात होता तोच. त्याच्या आईवर झालं, तिच्या नावासकट, आणि ती कोणाला भाकरी मोजून देते त्यावर. मालकाच्या सोयऱ्यांवर झालं. काही कडवी अशी होती की मी ती परिशिष्टात टाकली आहेत आणि परिशिष्ट कोणी उघडत नाही यावर माझा विश्वास आहे. एवढ्यात मालक स्वतः छत्री घेऊन धुऱ्यावर आला, म्हणजे बांधीच्या बांधावर. गाणं तिथल्या तिथे थांबलं. नुसता पाण्याचा आवाज. तो काहीतरी बोलून गेला. तो लांब गेल्याबरोबर पुन्हा सुरू, आणि आता त्याच्या छत्रीवर.

मी शेवंताबाईला विचारलं, "जानेवारीत का नाही म्हटलं तुम्ही?"

"मालकाची बुडी माय बसली होती ना बाजीवर. तिच्यावरचं गानं तिच्याच घरात, तिचे पोहे खाऊन म्हनावं का?" मग पऱ्ह्यांची पेंडी सोडत म्हणाली, "आन धुऱ्यावर मानूस उभा राह्यला का आमी मुक्या. मांगं एक सायेब आला होता. काळा गॉगल, हातात पेटी. चांगला जाडाजुडा. मालक त्याच्या बाजूनं उभा. म्हना वो म्हना, सायेब आले. कोन म्हनते? आमी भजन म्हनलं. तो गेला आन मंग त्याच्यावरच केलं."

"काय केलं?"

ती हसायला लागली. मग सगळ्याच हसायला लागल्या. आणि ते गाणं मला ऐकायला मिळालं.

"सायेब आला धुऱ्यावर वो, पेटी घेऊन हातात,
गानं मांगे, गानं मांगे, चिखल नाही पायात."

त्या बायकांतल्या काही तेव्हा जन्मल्याही नसतील. पण गाणं सगळ्यांना येत होतं. दर रोवण्यात ते म्हटलं जातं. चिखलात उभं राहून मी ते माझ्या मोबाइलमध्ये घेतलं, तेव्हा पहिल्यांदा मला आनंद झाला नाही. तुम्हाला हे कसं ऐकवायचं, एवढंच डोक्यात होतं.

*

तुम्हाला ऐकवलं तो दिवस मला लख्ख आठवतो. मी आधी प्रस्तावना केली. काही प्रमाणात, अपवादात्मक स्वरूपात, असे शब्द वापरले. तुम्ही म्हणालात, "अवो, वाजव ना." मी वाजवलं. तुम्ही डोळे मिटून ऐकलंत. पुन्हा वाजवायला सांगितलंत. मग तुमच्या पोटातून हसू आलं. इतकं, की खोकला लागला आणि काकू पाणी घेऊन धावत आल्या.

"आयकलं का?" तुम्ही त्यांना म्हणालात. "माझ्यावर गाणं आहे. तू म्हणत होतीस ना, तुमच्यावर कोणी दोन ओळी लिहिणार नाही."

"काय म्हणते त्याच्यात?"

"चिखल नाही पायात."

"मंग खरंच हाये," काकू म्हणाल्या. "घरात बी चप्पल घालून फिरते."

शेवंताबाईने केलेलं वर्णन मी वाचून दाखवलं. तुम्ही गॉगल कबूल केलात. लग्नात सासऱ्यांनी दिला होता. जाडाजुडा मात्र साफ नाकारलंत. "जाडा मी कधीच नव्हतो. लिहून घे. तो मालक जाडा होता." साक्षीदाराच्या स्मरणात दोन माणसं एक होतात, यावर तुम्ही मला तिथल्या तिथे एक छोटं व्याख्यान दिलंत. मीही ते कार्डावर लिहून घेतलं. कोणत्याशा वर्षाच्या एका वैशाखातल्या लग्नाच्या पाठीवर.

हसणं ओसरल्यावर तुम्ही हायवेकडे पाहत बसलात. म्हणालात, "त्या दिवशीबी हासल्या होत्या मागून. मले वाटलं टेपरेकॉर्डरले हासते."

नागझिऱ्याहून परतणाऱ्या सफारीच्या जिप्स्यांबद्दल तुमचा एक आवडता विनोद होता. सकाळी जायचं, दुपारी यायचं, आणि हायवेवरच्या ढाब्यावर बसून जाहीर करायचं की या जंगलात आता वाघ राहिलेला नाही. त्या दिवशी तुम्ही तो पुन्हा सांगितलात. फक्त जिप्सीत या वेळी स्वतःला बसवलंत.

*

भांडण तिथून सुरू झालं. मी चौथं प्रकरण लिहून आणलं. त्यात होतं, ‘काही अपवाद वगळता ही गाणी लुप्तप्राय झाली असली, तरी क्वचित काही ठिकाणी त्यांचे अवशेष आढळतात.’ तुम्ही ते वाचून कागद माझ्याकडे परत सरकवलात.

"अवशेष? त्या बायाईनं तुले चिखलात पाडून तुझ्यावर गाणं केलं आन तू त्यायले अवशेष म्हणते?"

"सर, बाकीच्या गावांत खरंच नाहीत. काही ठिकाणी धान पेरतातच आता, रोवणा होतच नाही. काही ठिकाणी मजूर बाहेरचे. कानात मोबाइल. तुमचं वाक्य पूर्ण खोटं नाही."

"मंग त्या गावाईचे नावं लिही. इथं नाही, इथं नाही, इथं आहे. क्वचित काही ठिकाणी, हे कोणतं गाव आहे? कोणत्या तालुक्यात येते?"

"आणि तुमचं?"

"माझं नाव घालून लिही. सरळ. निष्कर्ष चुकीचा आहे. आन काहून चुकला तेबी लिही. नुसतं चुकीचं म्हणशील तं लोक म्हणतील, म्हातारा होता, चुकला. काहून चुकला ते लिहिलं तं पुढचा धुऱ्यावर नाही उभा राहणार. एवढी मोठी चूक केली मी. फुकट नको घालवू."

मी ऐकलं नाही. तुमच्यामुळे मी इथवर आले, आणि छापील पानावर तुमच्या नावासमोर ‘चुकीचा’ हा शब्द मी लिहायचा? मी तळटीपेत घालते म्हणाले. तुम्ही म्हणालात, तळटीप म्हणजे पाहुण्याला गोठ्यात झोपवणं. मी म्हणाले, ‘पुनर्विचाराची गरज आहे’ असं लिहिते. तुम्ही म्हणालात, पुनर्विचार सरकार करते. आवाज चढले. काकू आतून म्हणाल्या, "काय करून राह्यले वो तुमी दोघं? शेजारचे आयकते." शेवटी तुम्ही वर्तमानपत्र उघडून बसलात. मी निघाले, तर नेहमीसारखे फाटकापर्यंत आला नाहीत.

ही आपली शेवटची भेट. त्यानंतर तुमच्या छातीत दुखलं, आणि मला फोन आला तो तुमचा नव्हता.

तुम्ही फाटकापर्यंत आला नाहीत याचा मला राग होता, आणि अजून आहे. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी बसमध्ये बसल्यापासून मी ते वाक्य मनात लिहून पाहत होते. तुम्हाला हवं होतं तसं. ते वाईट दिसत नव्हतं. रविवारी येऊन सांगणार होते. आता काही खटकलं की हात फोनकडे जातो. परवा एक लग्नपत्रिका आली. मी लग्न कोणाचं ते पाहण्याआधी ती उलटून पाहिली, पाठ कोरी आहे का.

*

विभागप्रमुखांकडे मी गेले. ते वाईट माणूस नाहीत. तुमच्यावर त्यांचं प्रेम आहे, आणि प्रेम दाखवायची त्यांची रीत वेगळी आहे. प्रमाणपत्राचं पान समोर ठेवलं तर त्यांनी विचारलं, "काढलं ना ते?"

"नाही सर. उलट तळटीपेतून वर आणलं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मॅडम, सर गेले त्याला महिना झाला नाही. लोक काय म्हणतील? शिष्येनेच?"

"हे वाक्य सरांनीच सांगितलं आहे. काकू घरात होत्या."

"पण ते छापलेलं नाही ना कुठे. त्यांचं पुस्तक छापलेलं आहे."

खरंच छापलेलं नव्हतं. मग मी मोबाइल काढून त्यांना करडीचं गाणं ऐकवलं. ते मान हलवत ऐकत होते, गाण्याला हलवावी तशी. संपल्यावर त्यांनी विचारलं, "हा साहेब कोण?"

"आपले सर."

त्यांनी पेन पुन्हा उचललं. मग म्हणाले, "माझी जबाबदारी नाही. आणि लोक काय म्हणतील ते तुम्ही पाहा."

"लोक प्रबंध वाचत नाहीत सर."

त्यांना हसू आवरलं नाही. शोकसभेनंतर मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. सही केली. मग डोळे पुसले आणि चष्म्याला नाव ठेवलं.

ते वाक्य आता असं आहे, सर. तुमचं पूर्ण नाव, मग, ‘यांनी काढलेला हा निष्कर्ष चुकीचा आहे. संशोधक जमीनमालकासोबत धुऱ्यावर उभा होता आणि ही गाणी धुऱ्यावरच्या माणसावर असतात. त्याच्या समोर ती म्हटली जात नाहीत. प्रस्तुत अभ्यासकाने जानेवारीत अंगणात खुर्चीवर बसून हीच चूक केली.’ त्याखाली गावांची नावं. जिथे गाणी नाहीत त्यांची, आणि जिथे आहेत त्यांची. अवशेष हा शब्द काढला. चिकित्सक हाही काढला होता, समितीने परत घातला.

*

शेवंताबाईला मी फोन केला. तुम्ही गेल्याचं कोणीतरी तिला सांगायला हवं होतं. तिला साहेब म्हणजे कोण ते समजायला थोडा वेळ लागला.

"तो गॉगलवाला? अरे बाप्पा. केवढा होता?"

मी वय सांगितलं.

"मंग तं आमच्याच बराबरीचा." मागे बकरी ओरडत होती. "बाई, एक गोठ विचारतो. त्याच्यावरचं गानं हाये ना. आता मेलेल्या मानसाले हासनं बरं नाही. पाप लागते. यंदा रोवण्यात टाकून देऊ का ते?"

ती चांगल्या मनाने विचारत होती. पण करडीच्या बायकांनी ते टाकलं, तर पुढच्या वेळी तिथे जाणाऱ्याला ते मिळणार नाही, आणि तेवढ्या एका गाण्यापुरतं तुमचं जुनं वाक्य खरं ठरेल. ज्याने ते चुकीचं म्हणून लिहायला लावलं, त्याच्याच मरणाने.

आपण विचारायचं, ऐकायचं, लिहायचं; लोकांनी काय करावं ते सांगायचं नाही, हे तुम्ही मला किती वेळा बजावलं होतं. मी आजवर ते पाळलं.

"टाकू नका," मी म्हणाले.

"काहून?"

"त्यांनी ते ऐकलं होतं. मी ऐकवलं होतं."

मग अगदी हळू आवाजात, "अवो माय. काय म्हनले मंग?"

"हसले. खोकला लागेपर्यंत हसले. दोनदा ऐकलं. बायकोला बोलावून सांगितलं, माझ्यावर गाणं आहे म्हणून."

"राग नाही आला?"

"नाही. फक्त म्हणाले, मी जाडा नव्हतो."

शेवंताबाई हसली. मोठ्याने, पदर नसल्यासारखी. मग तिने घरातल्या कोणाला तरी हाक मारून हे सांगितलं, आणि तीही हसली. फोन कानाशी तसाच होता. थोड्या वेळाने ती पुन्हा बोलायला लागली, तर आवाज कामाचा झाला होता. शेतात सूर धरताना असतो तसा.

"मंग राहू देतो. पण तसंच नाही म्हनता येनार ना आता. मानूस गेला. एक कडवं जोडावं लागन."

"काय जोडाल?"

"आता कसं सांगू वो बाई? चिखलात उतरल्याशिवाय येते का ते?"